सेंद्रिय ज्वारीस गिऱ्हाईक कोठें ?

खत-औषधांवांचून पिकविलेल्या धान्यास शहरांत दुप्पट भाव मिळतो, असें हल्लीं जो भेटेल तो सांगतो. सभांतून सांगतात, वर्तमानपत्रांतून छापून येतें, आणि सुटीस गांवीं आलेलीं पोरें तर तें धान्य कांचेच्या दुकानांत किलोस काय दरानें विकतात याचे आंकडेही ऐकवितात. परंतु मंद्रूपाहून सोलापुरास ज्वारीची गाडी भरून नेणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरांत त्या दुप्पट भावांतील काय पडतें, याचा हिशेब कोणी मांडून दाखवीत नाहीं. तो मांडण्याचा प्रस्तुत लेखांत आमचा विचार आहे. आम्ही सेंद्रिय शेतीच्या विरुद्ध नाहीं. घरच्या जमिनीच्या एका तुकड्यांत ती आम्ही करितोंही. म्हणूनच तिच्या विक्रीविषयीं नुसतें गोड बोलणें आम्हांस परवडत नाहीं.

प्रथम आपल्या जमिनीची गोष्ट. भीमा व सीना या दोन नद्यांच्या बेचक्यांतील हा काळ्या, खोल जमिनीचा मुलूख. पावसाळ्यांत रान मोकळें ठेवावें, कुळवाच्या पाळ्या द्याव्या, ओल धरावी आणि भाद्रपद-आश्विनांत शाळू पेरावा, ही वाडवडिलांची रीत. पुढें माघ-फाल्गुनांत काढणी होईपर्यंत तें पीक जमिनींतील ओलीवर आणि थंडीवर तग धरतें. पाटाचें पाणी नाहीं म्हणून खतही बेताचेंच. कित्येक शेतांत तेंही नाहीं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकांत स्थानिक मालदांडींतून निवडून काढलेली 'मालदांडी ३५-१' ही जात इतक्या वर्षांनंतरही या भागांत पेरली जाते, ती तिच्या याच काटकपणामुळें व भाकरीच्या गोडीमुळें. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें.

तेव्हां आमच्या लोकांचें म्हणणें असें कीं, आमची ज्वारी आयतीच सेंद्रिय आहे, तिला निराळें सोंग कशाला ? हें म्हणणें पुष्कळ अंशीं खरें, पण पुरतें खरें नव्हे. दुकानांतून आणलेलें बीं बहुधा औषधानें माखलेलें असतें. लष्करी अळीनें २०१८ सालीं या देशांत पाय ठेवला, तेव्हांपासून मक्याबरोबर ज्वारीच्या पोंग्यांतही फवारा जाऊं लागला आहे. बांधापलीकडे ऊस असेल तर तणनाशक वाऱ्यावर येतें. आणि दिसावयास लहान पण परिणामीं सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे युरियाचें रिकामें पोतें. पांच महिने निर्मळ राखलेली ज्वारी आम्ही खळ्यावर त्याच पोत्यांत भरतों, कारण तें फुकट असतें !

हें पोतें आतां सोलापूरच्या बाजार समितींत जातें. सौद्याच्या वेळीं खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो. दाण्याचा पांढरेपणा, मोत्यासारखी झांक, टपोरेपणा, खडा-माती, किडका दाणा आणि ओल, एवढें त्याच्या डोळ्यांस व दांतांस कळतें. सेंद्रियपणा त्यांत कोठेंच दिसत नाहीं. उलट औषध न मारलेल्या ज्वारीवर कधीं कधीं चिकट्याचा काळसर डाग असतो, आणि त्यापायीं तिचा भाव शेजाऱ्याच्या ज्वारीहून खालींच लागतो. यांत खरेदीदाराची लबाडी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. पुढें १९६३ सालीं महाराष्ट्राचा कायदा आला. या कायद्यांनीं रुमालाखालीं बोटें धरून होणारे सौदे, खोटीं मापें आणि मनास येईल ती कटती यांस आळा घातला, हे उपकार विसरतां येत नाहींत. परंतु ते सारे डोळ्यांस दिसणाऱ्या गोष्टींचें रक्षण करणारे कायदे आहेत. जो गुण दिसत नाहीं त्याची बोली उघड्या लिलावांत लागत नाहीं, मग अडत्या कितीही सज्जन असो.

सरकारी भावाकडे पाहिलें तरी तोच प्रकार. सन २०२५-२६ साठीं केंद्र सरकारनें संकरित ज्वारीस क्विंटलास ३,६९९ रुपये व मालदांडीस ३,७४९ रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. आदल्या वर्षीं हेच आंकडे ३,३७१ व ३,४२१ होते. म्हणजे ज्या मालदांडीची भाकरी शहरांत नांव घेऊन मागतात, तिच्यासाठीं सरकारदरबारीं अधिक मोल पन्नास रुपये ! आणि ती सेंद्रिय असेल तर अधिक कांहींच नाहीं.

आतां एक साधा हिशेब करूं. समजा, एकरीं पांच क्विंटल ज्वारी झाली, आधारभूत किंमत हाच भाव धरिला, आणि सेंद्रिय म्हणून त्यावर शेंकडा वीस जास्त देणारें गिऱ्हाईक भेटलें. क्विंटलामागें सुमारें साडेसातशे रुपये जास्त आले. पांच क्विंटलांवर सुमारें पावणेचार हजार. म्हणजेच बरोबर एका क्विंटलाची किंमत. पांच क्विंटल पिकवून सहा क्विंटलांचे पैसे हातीं आले, असा याचा अर्थ. आतां त्या सहाव्या क्विंटलावर कोण कोण बसलें आहे तें पाहा. ज्वारी दोनदां चाळून निवडून द्यावी लागते, त्यांत घट येते व बायांची मजुरी लागते. नवें बारदान विकत घ्यावें लागतें. गिऱ्हाईक एका दिवशीं सगळा माल उचलीत नाहीं, म्हणून तो सांभाळावा लागतो, त्यांत किडीचा वांटा निघतो. मोटारभाडें पांच पोत्यांस जवळजवळ तेंच पडतें जें वीस पोत्यांस पडलें असतें. दाखल्याचा खर्च याच्यावर. हें सारें मिळून एका क्विंटलाच्या किंमतीइतकें झालें कीं दुप्पट भावाची गोष्ट संपली, आणि उत्पन्नांत थोडीही घट आली असेल तर आपण तोट्यांत आहों. म्हणून आम्ही म्हणतों, सेंद्रिय धान्यांत पैसा आहे कीं नाहीं हा प्रश्न शेतांत सुटत नाहीं. काढणीपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतच्या वाटेवर सुटतो.

या वाटेवरचा पहिला नाका दाखल्याचा. त्याचे दोन मार्ग आहेत. एक वाणिज्य खात्याखालील 'राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम', जो २००१ पासून चालूं आहे. यांत बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासते, आणि परदेशीं माल पाठविण्यास हाच दाखला लागतो. एकट्यानें घेतला तर खर्च भारी. पंचवीस ते पांचशे शेतकऱ्यांचा गट केला तर वांटून घेतां येतो. दुसरा मार्ग कृषी खात्याचा, २०११ सालीं सुरू झालेला, 'सहभागी हमी पद्धती'चा. यांत निदान पांच शेतकऱ्यांनीं गट करून एकमेकांचीं शेतें एकमेकांनीं तपासावयाचीं. २०१५ सालीं परंपरागत कृषी विकास योजना आली, तिनें पन्नास शेतकरी व पन्नास एकर असे गट बांधून तीन वर्षें अनुदान देण्याची रीत घातली. या योजनेखालीं गट पुष्कळ झाले. अनुदान संपतांच त्यांतील किती उरले, हें प्रत्येकानें आपापल्या गांवांत मोजून पाहावें.

सहभागी हमीविषयीं आम्हांस थोडें विस्तारानें लिहावयाचें आहे, कारण आमची उमर महसुली दप्तरांत गेली आणि ही पद्धती म्हणजे आमच्या ओळखीचा जुना पंचनामाच होय. पंचनाम्याचें बळ कागदांत नसतें. पंच जागेवर गेले होते काय, आणि खोटें असेल तर सही नाकारण्याची त्यांची छाती आहे काय, या दोन गोष्टींत तें असतें. पंचनामे घरीं बसून लिहिलेले आणि चौघांकडे सह्यांस फिरविलेले कसे ओळखावे, हें कारकुनास पहिल्या पांच वर्षांतच कळतें : सर्वांची शाई एक, आणि चारही पंचांनीं पाहिलेलें अंतर पावलाच्याही फरकाशिवाय सारखें. पैसेवारी ठरवितांना गांवाविरुद्ध बोलणारा माणूस आम्हीं आजवर पाहिला नाहीं. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास पारखावें ही कल्पना उत्तम खरी, पण ज्या शेजाऱ्याकडून उद्यां आपणांस बैल किंवा ट्रॅक्टर मागावयाचा आहे, त्याच्या शेतांत फवाऱ्याचा डबा दिसला तर लिहिणार कोण ? जो गट एखाद्या वर्षीं आपल्यापैकीं एकास बाहेर काढील, त्याच्याच दाखल्यास किंमत येईल. असा एक गट आमच्या माहितींत आहे. त्यांनीं घरच्याच नात्यांतील एकाचें दोन एकर नापास केलें. त्या वर्षीं भांडण झालें, लग्नाचीं बोलावणीं बंद झालीं, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांची ज्वारी खळ्यावरूनच गेली, कारण ती गोष्ट गिऱ्हाइकांच्या कानीं गेली होती.

कोणी सुचवितात कीं, सात-बाराच्या उताऱ्यावरच सेंद्रियाची नोंद व्हावी. ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी आली आहे. शेतकरी आपल्या शेतांत उभा राहून पिकाचा फोटो स्वतः चढवितो. पीक कोणतें, क्षेत्र किती, बागाईत कीं जिराईत, हें सारें गांव नमुना बारामध्यें येतें. कसें पिकविलें याचा रकाना तेथें नाहीं. तो असावा असें आम्हांसही वाटतें, कारण एकाच गटाची सलग दहा वर्षांची नोंद ही मोठी साक्ष होईल. पण रकाना दिला कीं तो भरला जाणार, आणि रकाने कसे भरले जातात हें आम्हांस ठाऊक आहे. फोटोंत पीक दिसतें. पोंग्यांत काय टाकलें तें दिसत नाहीं.

एक सवलत मात्र अशी आहे कीं जी आमच्या फार थोड्या शेतकऱ्यांस माहीत असेल. अन्न सुरक्षा प्राधिकरणानें २०१७ सालीं सेंद्रिय अन्नाचे नियम केले व ते १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यांप्रमाणें दाखल्यावांचून 'सेंद्रिय' म्हणून माल विकतां येत नाहीं. परंतु ज्या लहान उत्पादकाची किंवा उत्पादकांच्या संस्थेची वर्षाची उलाढाल बारा लाख रुपयांच्या वर नाहीं, त्यानें थेट खाणाऱ्यास विकलें तर दाखल्याची सक्ती नाहीं. 'जैविक भारत' हें चिन्ह पिशवीवर लावतां यावयाचें नाहीं, इतकेंच. मध्यें दुकानदार आला कीं ही सवलत संपली. म्हणजे कायद्यानेंच आम्हांस वाट दाखविली आहे कीं, लहान असाल तर खाणाऱ्याचें दार गांठा.

दुकानदाराच्या भरवशाची एक हकीकत येथें सांगणें अवश्य आहे. एका शहरांतील सेंद्रिय मालाच्या व्यापाऱ्यानें दोन हंगामांपूर्वीं आमच्या घरची व शेजारच्या दोघांची मिळून अठरा क्विंटल ज्वारी ठरविली. सहा क्विंटल त्यानें चैत्रांत नेली, पैसेही दिले. बाकीची दिवाळीपर्यंत ठेवा, लागेल तशी उचलतों, असा निरोप होता. श्रावणांत तो म्हणाला, गिऱ्हाईक मंद आहे. नवरात्रांत त्यानें फोन उचलणें सोडलें. लेखी कांहीं मागितलें होतें, तें त्यानें 'आपल्यांत कागद कशाला' म्हणून टाळलें होतें. तोंवर पोत्यांत सोंड्या किडा झाला. गोळी टाकावी तर सेंद्रियपणा गेला, न टाकावी तर दाणाच गेला. शेवटीं चाळून, उन्हें देऊन, जी उरली ती बाजारांत साध्या भावानें गेली. आमचें नुकसान आम्हीं सोसलें. पण शेजाऱ्यांपैकीं एकास त्या पैशांवर रब्बीचें बीं व मुलीच्या शाळेची फी काढावयाची होती.

सांठवण हा या धंद्याचा गळा आहे. साध्या ज्वारीस गोदामांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा धूर देतात व ती सुरक्षित राहते. सेंद्रियास तो चालत नाहीं. म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, जी १९९०-९१ पासून चालूं आहे आणि जींत माल गोदामांत ठेवून सहा महिन्यांपर्यंत शेंकडा सहा व्याजानें कर्ज मिळतें, ती सेंद्रिय ज्वारीवाल्याच्या फारशी कामाची नाहीं. एकाच छपराखालीं शेजारच्या थप्पीस धूर दिला कीं आपलीही थप्पी गेली. परिणाम असा कीं ज्यास थांबण्याची सर्वांत जास्त गरज, त्यासच थांबण्याची सोय नाहीं. पूर्वीं या मुलखांत ज्वारी पेवांत ठेवीत. तोंड बंद केलेल्या पेवांत हवा संपली कीं किडा जगत नसे, आणि माणूस उतरण्यापूर्वीं पेव उघडें टाकून वारा खेळूं द्यावा लागे, इतकें तें घट्ट असे. त्याच तत्त्वावरच्या हवाबंद पिशव्या आतां बाजारांत मिळतात. ज्वारी कडकडीत वाळवून, दांताखालीं खटकन् फुटेल अशी करून त्यांत भरली तर गोळीवांचून टिकते. पिशवीला उंदराचें एक भोंक पडलें कीं मात्र सारें फुकट. म्हणून ती कणगींत किंवा पत्र्याच्या कोठींत ठेवावी.

परदेशच्या मागणीच्या गोष्टींवर कोणी पेरा वाढवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कापडाच्या सेंद्रियपणाची हमी देणाऱ्या 'गॉट्स' या जागतिक संस्थेनें ऑक्टोबर २०२० मध्यें जाहीर केलें कीं, भारतांतील सुमारें २०,००० टन कापसाच्या व्यवहारांचे दाखले बनावट निघाले. अमेरिकेनें जानेवारी २०२१ मध्यें आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या दाखल्यास पूर्वीं दिलेली मान्यता काढून घेतली, आणि मे २०२२ मध्यें भारतीय सेंद्रिय सोयाबीनच्या पेंडीवर जबर जादा शुल्क बसविलें. लबाडी कोणी केली, राजकारण कोणाचें, आणि भाव कोणाचा पडला ! २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरें झालें, तेव्हांही ज्वारीचें कौतुक पुष्कळ झालें. पण कौतुकाचें वर्ष संपतें आणि ज्वारी दरवर्षीं पिकते.

मग गिऱ्हाईक कोठें ? आमच्या मतें तें फार दूर नाहीं. सोलापूर-पुण्याकडील मराठी घरांत उन्हाळ्यांत वर्षाचें धान्य भरण्याची रीत अद्यापि पुरती मोडलेली नाहीं. असें एक घर वर्षास एक-दोन क्विंटल ज्वारी सहज घेतें, एकदम घेतें, रोख घेतें, आणि मन भरलें तर दहा वर्षें गांव बदलीत नाहीं. पंचवीस घरें बांधून घेतलीं तर एका लहान गटाचा सारा माल खळ्यावरच विकला गेला. सांठवणीची निम्मी चिंता तेथेंच मिटली. या घरांस दाखल्यापेक्षां शेत पाहिलेलें जास्त पटतें. आणि शेत दाखविण्याचा दिवस आपल्याकडे आयता आहे. वेळ अमावास्येस आपण सारे सगेसोयरे घेऊन शेतांत जेवावयास जातों. त्या वेळीं शाळू कमरेच्या वर आलेला असतो. त्या पंगतींत शहरांतील चार गिऱ्हाइकांचीं कुटुंबें बसवावीं, सर्व शेत हिंडूं द्यावें, विहिरीवरची औषधाची खोली उघडून दाखवावी. पुढें संक्रांतीस सोलापुरांत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हां हुरड्याचे दिवस असतात. हुरडा चाखवून त्याच वेळीं ज्वारीची मागणी नोंदवावी व चौथाई रक्कम विसार म्हणून घ्यावी. विसार दिलेला माणूस श्रावणांत फोन उचलतो.

भाव सांगतांना दुप्पट सांगूं नये. बाजारभाव, त्यावर निवडणी, बारदान, भाडें व घट यांचा खरा खर्च, आणि त्यावर शेंकडा दहा-पंधरा आपलें, असा उघड हिशेब मांडून द्यावा. कडब्याचा पैसा निराळा आहे, तो विसरूं नये. कित्येक वर्षीं कडब्यानेंच शाळूची लाज राखली आहे. आणि सारी जमीन एकदम या खातीं घालूं नये. ज्याच्याजवळ दहा एकर आहे त्यानें दोन एकरांपासून आरंभ करावा, आणि तें दोन एकर उसाच्या बांधास लागून नसावें.

बाजार समितीकडे व आपल्या सहकारी सोसायट्यांकडे मागावयाचें तें हेंच कीं, एक छोटें गोदाम धुराच्या गोळ्यांपासून अलग ठेवावें आणि त्यावर तारणाचें कर्ज द्यावें. निराळा सेंद्रिय बाजार, निराळा आधारभाव, या मागण्या ठीक आहेत; त्या मंजूर होतील तेव्हां होवोत. गोदामाची एक खोली या हंगामांतही मिळूं शकते.

ज्यांस परदेशीं किंवा मोठ्या दुकानांत विकण्यासाठीं पहिला दाखला हवा आहे, त्यांनीं एक हिशेब ध्यानांत ठेवावा. वार्षिक पिकांस पेरणीपूर्वींचे चोवीस महिने बदलाचे धरतात, आणि ते नांव नोंदविल्यापासून मोजले जातात. मागें दहा वर्षें खत टाकलें नव्हतें, असें नुसतें तोंडी सांगून भागत नाहीं. या आश्विनांत जो नोंद करील, त्याची तिसऱ्या आश्विनांत पेरलेली ज्वारी पूर्ण सेंद्रिय म्हणून गणली जाईल व फाल्गुनांत विकली जाईल. मधल्या दोन पिकांस साधाच भाव मिळेल, हें धरून चालावें, आणि नवें बारदान मात्र पहिल्या वर्षापासूनच घ्यावें.